ताटाच्या कडेचं मीठ

माझे बाबा शिव्या देण्याचा पगार घेत होते. हे मी त्यांची बदनामी करायला लिहीत नाही. ते स्वतःच तसं सांगत आणि सांगताना मान खाली घालत. अहेरीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाच्या तोंडाशी, सागवानाचा एक डेपो होता. तिथे ते मेट होते, म्हणजे हमालांच्या टोळीचे मुकादम. दहा-बारा माणसांनी दोरखंड आणि दांडे लावून लठ्ठा, म्हणजे सागाचा ओंडका, खांद्यावर घ्यायचा आणि ट्रकमध्ये चढवायचा, असं ते काम. लठ्ठा जागचा हलेना की बाबा शिवी हासडत. आईवरून सुरू होऊन डुकरापर्यंत पोचणारी, लांबलचक, तालात म्हणायची शिवी. शेवटच्या शब्दाला सगळे मिळून जोर लावत आणि लठ्ठा उठे. ती शिवी मी इथे लिहिणार नाही. लाजेमुळे नाही, कारण वेगळं आहे.

मी चार वर्षांची असताना एक लठ्ठा घसरला आणि बाबांच्या पायावर आला. मिशनच्या दवाखान्यात ते तीन महिने पडून होते. जखम धुवायला येणाऱ्या नर्सबाईंना ते रोज तीच शिवी देत. पाय ठणकायचा आणि ठणक लागल्यावर दुसरं काही म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. बाई काम संपवत, हात धूत आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारत, "आज पाय कसा आहे, भाऊ?" बाबा हा किस्सा शेकडो वेळा सांगत. "शिवी देल्यावर मानूस शिवी देते, नाईतं मारते. हे बाई पाय कसा हाय म्हनून पुसून राह्यली! मले भेवच लागलं." त्या भेवातून ते प्रभूकडे आले. वर्षभरानं नदीवर बाप्तिस्मा झाला, बाबांचा आणि आईचाही. आई म्हणायची, सगळा माणूस पाण्यात बुडाला, जीभ तेवढी वर राहिली.

बाबांना अक्षरओळख नव्हती. रविवारी चर्चमध्ये पाळक जे सांगत ते बाबा कानांत घालून घरी आणत आणि जसंच्या तसं अमलात आणत. एका रविवारी उपदेश झाला तो बोलण्यावर. जेवणाला मीठ तसं आपल्या बोलण्याला दयेचं मीठ हवं, असा काहीसा त्याचा अर्थ होता. सोमवारी बाबा डेपोवर निघाले ते सदऱ्याच्या खिशात खड्याच्या मिठाची पुडी घेऊन. शिवी ओठांशी आली की एक खडा तोंडात टाकायचा आणि तो विरघळेस्तोवर बोलायचं नाही. हमालांच्या हे आठवड्याभरात लक्षात आलं. बाबांचा हात खिशाकडे गेला रे गेला की कोणीतरी ओरडे, "मेटभाऊ मीठ खाऊन राह्यले, उचला रे!" आणि लठ्ठा उठे. आई हे ऐकून हसून हसून बेजार व्हायची.

पण शिवी गेली. मी कळत्या वयाची झाले तेव्हा ती बाबांच्या तोंडून कधी ऐकली नाही. मला ती ठाऊक झाली ती इतरांकडून. बाबा आता इतकं जपून बोलत की नवख्या माणसाला ते जरा मंद वाटत. प्रश्न विचारल्यावर थांबत, दाराच्या चौकटीकडे बघत, मग बोलत. मी एकदा वैतागून विचारलं, "बाबा, एवढा इचार कायचा करता? हो नाईतं नाई म्हना ना." तेव्हा म्हणाले, "बाई, शब्द त्या मानसासंगं त्याच्या घरी जाते. तिथी तो त्याच्या बाजूले जेवाले बसते. आपन धाडलेला शब्द त्याले जेवू देईन का नाई, थे पाहा लागते."

घरात मात्र पुडीनं भागलं नाही. घरच्या माणसांपुढे जीभ जास्त सैल सुटते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून बाबांनी एक रीत घालून दिली. दिवसभरात ज्यानं दुसऱ्याला लागेल असं बोललं असेल त्यानं संध्याकाळी जेवायला बसताना आपल्या हातानं चिमूटभर मीठ त्या माणसाच्या ताटाच्या कडेला ठेवायचं. तोंडानं काही बोलायचं नाही. दुसऱ्यानं ते मीठ पहिल्या घासाबरोबर खाल्लं तर विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. खाल्लं नाही आणि बोटानं ताटाबाहेर लोटलं, तर त्याचा अर्थ, मन अजून दुखतंय, उद्या बघू. त्याबद्दलही रागवायचं नाही. उद्या परत मीठ ठेवायचं.

ही रीत आमच्याच घरची. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बारा-पंधरा घरांत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. लोक खाल्ल्या मिठाला जागा म्हणतात, आमच्याकडे मीठ खाणं हीच क्षमा होती. एकदा बाबा मामाबद्दल काहीतरी वाकडं बोलले, तर आईनं तीन संध्याकाळी मीठ लोटलं. तीन संध्याकाळी बाबा मुकाट्यानं जेवले. चौथ्या दिवशी त्यांनी मीठ ठेवलं आणि आईनं ते रडवेल्या तोंडानं वरणभातात कालवून खाल्लं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते पाहून मला वाटलं, यांना आत्ताच कुणीतरी परत बाप्तिस्मा दिला.

मी मात्र बाबांची जुनी जीभ घेऊन जन्मले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि चूक कबूल करायची वेळ आली की माझ्यातली वकिलीण जागी व्हायची. मी मीठ ठेवायची तेही मोजून दोन कण. बाबा वाकून बघत. "एवढं मीठ तं मुंगीले बी पुरनार नाई," म्हणत आणि ते दोन कण बोटाला चिकटवून खात. माझं मीठ बाबांनी कधीच लोटलं नाही, एकदासुद्धा नाही.

पुढे मी चंद्रपूरला नर्सिंग शिकले आणि परत येऊन आमच्या गावापासून सायकलीच्या अंतरावर असलेल्या मिशनच्या छोट्या दवाखान्यात लागले. आई तोवर हिवतापानं गेली होती. माझं लग्न जमत नव्हतं. स्थळाच्या आधी माझ्या जिभेची कीर्ती पोचायची. घरात बाबा आणि मी असे दोघंच. बाबा डेपोतून मोकळे झाले होते. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत बसून दोर वळत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी जपून जपून बोलत. त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मीठ जास्त खाता का?" मला हसू आवरेना. वीस वर्षं माणसानं शिवीच्या बदल्यात मीठ खाल्लं होतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. तेंदूची पानं तोडायचा हंगाम चालू होता, गाव सकाळीच जंगलात गेलं होतं. बाबा विहिरीवरून येताना अंगणात पडले. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि वाचा बंद झाली. डॉक्टर आमच्या दवाखान्यात पंधरा दिवसांतून एकदा येत. नशिबानं तो दिवस त्यांचा होता. औषधं दिली आणि बजावून गेले की मीठ पूर्ण बंद, अगदी चिमूटभरही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी चमच्यानं पाणी पाजत होते. बाबांनी पाणी गिळलं, ओठ हलवले, घशातून आवाज आला. मला इतका आनंद झाला की चमचा हातातून पडला. आणि मग वाकड्या तोंडातून, पण अगदी स्पष्ट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तालासुरात, ती शिवी आली.

बाबांचे डोळे मी विसरलेले नाही. ते माझ्याकडे नव्हे, आजूबाजूला बघत होते, हे कोण बोललं म्हणून. त्यांनी परत प्रयत्न केला. बहुधा त्यांना आणखी पाणी हवं होतं. परत तीच. मग ते बोलायचे तेव्हा तीच यायची. भूक लागली तरी तीच, माझ्या केसांवरून डावा हात फिरवताना तीच, जेवणाआधी डोळे मिटून आभार मानताना तीच. शिवी संपली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. वीस वर्षं कष्टानं जमवलेली सगळी बोली गेली होती आणि ज्या एका वाक्याला घराबाहेर काढलं होतं तेवढंच आत शिल्लक राहिलं होतं.

मी नर्स होते. मला हे ठाऊक असायला हवं होतं. पण मी तेव्हा मुलगीच जास्त होते, आणि तीही गर्विष्ठ. मंडळीत बाबांना मान होता. रागीट पोरांना त्यांचं उदाहरण देत. मी शेजाऱ्यांना सांगितलं, बाबांची वाचा गेली आहे, भेटायला येऊ नका, त्रास होतो. दिवसा दार ओढून घेऊ लागले.

तिसऱ्या रविवारी मंडळी आलीच. उपासना संपवून पाळक आणि वीसेक माणसं आमच्या घरी प्रार्थनेला आली. बायका खाली बसल्या, पुरुष सपरीत उभे. पाळकांनी बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. बाबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ थरथरू लागले. मी मनात म्हणत होते, नको, बाबा, नको. पाळक क्षणभर थांबले आणि त्या शांततेत बाबांनी मनापासून, मोठ्यानं, त्यांना जे काही देवाला सांगायचं होतं ते सांगितलं. शिवी खोलीभर झाली.

पोरं खुदकन हसली. बायकांनी पदर तोंडाला लावले. पाळक भले माणूस, त्यांनी प्रार्थना पुरी केली. पण बाहेर पडताना एक वयस्कर बाई दुसरीच्या कानात म्हणाली, आणि ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "जित्याची खोड मेल्याबिगर जात नाई, बाई."

मी दार लावलं. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी डावा हात उचलला, मला जवळ बोलावलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मला आज कळतं की ते माफी मागत होते. पण कानांवर पडली ती परत शिवीच. आणि मी म्हणाले, "पुरे झालं बाबा! यापरीस देवानं तुमाले पुरं मुकं केलं असतं तं बरं झालं असतं."

बाबांनी तोंड मिटलं.

नेहमी असं होतं की रागात बोललेलं बोलणाऱ्यालाच आधी विसरायला होतं. मी भांडी घासली, त्यांची चादर बदलली, पेज भरवली. संध्याकाळी लक्षात आलं की घर शांत आहे. सोमवारी शांत. मंगळवारीही. बाबा मानेनं हो-नाही करत, बोटानं दाखवत, पण ओठ असे घट्ट मिटलेले, की भरवताना चमचाभर उघडत आणि घास आत गेला की परत बंद.

पुढच्या खेपेला डॉक्टर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, माझं वाक्य सोडून. ते म्हणाले, "शिवी येत होती? मग चांगलं होतं की! विचार करून बोलायचे शब्द मेंदूत एकीकडे असतात आणि आपसूक तोंडात येणारे दुसरीकडे. पुष्कळांचं असंच होतं. आधी शिवी येते, तिच्या मागून कधी कधी दुसरे शब्द येतात. बोलू द्या त्यांना. तोंड बंद ठेवलं तर आहे तेही जाईल."

त्या दिवशी घरी येताना मी दोनदा सायकलवरून उतरले.

त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी तोंड उघडावं. मी खाटेशी बसून विनवण्या केल्या. "बाबा, बोला. शिवी द्या. मले द्या, मोठ्यानं द्या. डॉक्टर म्हन्ते, त्यानंच तुमचं बोलनं वापस येईन." बाबा मान हलवत. नाही. मी रडले, रागावले, शेवटी मी स्वतःच ती शिवी त्यांच्यासमोर म्हटली, आयुष्यात पहिल्यांदा, तालात, डुकरापर्यंत. त्यांनी डाव्या हातानं माझं तोंड झाकलं.

पावसाच्या आधी त्यांचा डेपोतला जुना सोबती भेटायला आला. पलीकडच्या जंगलातल्या पाड्यावरचा गोंड म्हातारा, वीस वर्षं बाबांच्या टोळीत पहिला दांडा त्याचा असायचा. देव त्याचे त्याचे, आमचे आमचे, त्यावरून दोघांत कधी वाद झाला नाही. पानाच्या द्रोणात चारोळी घेऊन आला होता. खाटेच्या काठावर बसला आणि बाबांच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "काऊन गा मेट? आयकलं का तुही जुनी शिवी वापस आली म्हनून. मी तं धावतच आलो. दे ना एक. कान तरसले गा."

बाबांचे डोळे हसले. खरंच हसले. गाल थरथरले, छाती वर झाली. मी दाराआड श्वास रोखून उभी होते. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि ओठ मिटले ते मिटले.

म्हातारा तासभर बसला. जाताना सपरीत थांबला. "बाई," म्हणाला, "तुमी काही म्हनलं का त्याले?"

"नाई," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, चप्पल घातली आणि गेला.

आता कुणीही विचारेल, मीठ का नाही ठेवलंस? मीही स्वतःला तेच विचारते. ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ, एवढंच तर करायचं होतं. पण मीठ त्यांना बंद होतं. मी नर्स. रक्तदाबाच्या रुग्णाला मी मीठ कसं देऊ? हे मी स्वतःला रोज समजावलं आणि ते पथ्य मला फार सोयीचं पडलं. चिमटीनं कुणी मरत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. खरं कारण हे की मला भीती वाटत होती. सगळ्या आयुष्यात माझं मीठ त्यांनी लोटलं नव्हतं. या वेळी लोटलं तर?

असे दोन महिने गेले. घरात स्वयंपाक अळणीच व्हायचा. माझ्यापुरतं वरून घ्यायला मी मिठाची वाटी ताटाजवळ ठेवायची. बाबा खाटेवर टेकून बसत, मी खाली त्यांच्या पायाशी पाट घेऊन बसायची. त्यांना भरवून झालं की मी जेवायची.

एका संध्याकाळी त्यांना भरवून झालं, मी माझं ताट वाढून घेतलं. भात आणि अंबाडीची भाजी. पाणी आणायला उठून परत आले तर बाबा खाटेवरून वाकले होते. डावा हात वाटीत होता. मी धावले, वाटलं पडतील. त्यांनी मीठ चिमटीत धरलं होतं. अर्धं वाटेत सांडलं. उरलेलं त्यांनी माझ्या ताटाच्या कडेला नीट ठेवलं. मग मागे टेकून माझ्याकडे बघत राहिले.

ते माझी माफी मागत होते. मंडळीपुढे माझी मान खाली घालायला लावल्याबद्दल. ज्या शब्दांवर त्यांचा काही ताबा नव्हता त्यांच्याबद्दल. आणि ज्या बाईनं देवाकडे त्यांचं मुकेपण मागितलं, तिच्या ताटात मीठ ठेवत होते.

मला रडू फुटलं. हे मीठ माझं नव्हे, हे मी कसं खाऊ? ते खाणं म्हणजे त्यांचा अपराध होता असं मानणं. मी म्हणाले, "नाई बाबा, नाई, नाई," आणि बोटानं ते सगळं मीठ ताटाबाहेर लोटलं.

लोटलं आणि पदर तोंडात कोंबून मागच्या अंगणात पळाले. पेरूच्या झाडाखाली उभी राहून पोटभर रडले. मनात ठरवलं, उद्या पथ्य गेलं खड्ड्यात, उद्या मी त्यांच्या ताटात मीठ ठेवणार. बरं वाटलं. चक्क बरं वाटलं मला. आत आले तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, झोपले. मी ताट झाकून ठेवलं, त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं.

सकाळी ते उठले नव्हते. शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून मी दवाखान्यात गेले. दुपारी डबा उघडला. भात, रात्रीचीच भाजी आणि कागदाच्या पुडीत माझं मीठ. पुडी सोडली, चिमूट भातावर टाकली, थोडी कडेला सांडली, ती बोटानं बाजूला केली. आणि माझं बोट तिथेच थांबलं.

मीठ लोटलं म्हणजे मन अजून दुखतंय. मीठ लोटलं म्हणजे माफ केलं नाही. ही रीत त्यांनीच घालून दिली होती. मी काल काय केलं, हे त्या घरात दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेनं वाचताच येत नव्हतं. मी "नाही, नाही" म्हणाले होते आणि मीठ लोटून निघून गेले होते.

मी उष्ट्या हातानं सायकल काढली. वाटेत पाऊस लागला, चिखलात दोनदा पडले. घराच्या अंगणात माणसं उभी होती. बाबांना दुसरा झटका आला होता. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तुमची चूक नव्हती म्हणून लोटलं, बाबा. माझी चूक होती म्हणून लोटलं. मी मीठ आणलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, हे मी शिकलेय आणि शिकवतेही. मी ते त्यांच्या खालच्या ओठावर ठेवलं. जीभ पुढे येते का, बघत बसले. दीड दिवस बसले. मीठ तिथेच ओलं होऊन हनुवटीवर ओघळलं आणि मी ते पुसलं.

आमच्या दफनभूमीत सागाची दोन झाडं आहेत. पाऊस थांबला होता. पाळकांनी बाबांच्या जपून बोलण्याबद्दल फार चांगलं सांगितलं, सगळे रडले, ती म्हण म्हणणारी बाई सगळ्यांत जास्त. मग एकेकानं मूठ मूठ माती टाकली. गोंड म्हातारा शेवटी आला. माती टाकताना तो खाली वाकला आणि अगदी हळू, गाढ झोपलेल्या माणसाला उठवावं तशी, त्यानं ती शिवी बाबांना दिली. शेवटचा शब्द आला तेव्हा त्याचा खांदा सवयीनं उचलला गेला. मी शेजारी होते म्हणून मला तेवढं ऐकू आलं. त्या दिवशी त्या जागी झालेल्या सगळ्या प्रार्थनांत मी मनापासून आमेन म्हटलं ते तिलाच.

लोक पांगल्यावर तो घरी आला. शेजाऱ्यांनी जेवण पाठवलं होतं, मी त्याला वाढलं. तो खाली बसला, बाबांच्या खाटेला पाठ टेकून. मी म्हणाले, "भाऊ, तुमी मले एक गोष्ट पुसली होती. मी खोटं बोलली. म्हनलं होतं मी त्याईले." मग काय म्हटलं तेही सांगितलं, शब्दनशब्द. तो ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, पण काय होतं ते मला कळलं नाही.

मीठ ठेवायला माझ्याजवळ आता दुसऱ्या कुणाचं ताट उरलं नव्हतं. मी वाटीतून चिमूटभर मीठ घेतलं. मुंगीपुरतं नाही, चांगलं भरपूर. आणि त्याच्या ताटाच्या कडेला ठेवलं. बाबांची खिशातली पुडी त्याला ठाऊक होती. घरातली रीत त्याला कुणी सांगितली नव्हती, आणि मलाही ती सांगवली नाही.

त्यानं एक घास खाल्ला, मग दुसरा.

"भाजीत मीठ हाये, बाई," तो मायेनं म्हणाला, आणि कडेचं मीठ बोटानं ताटाबाहेर सारलं.